इचारबाईला दिलेलं उत्तर

आमच्या गावच्या दवाखान्यात कुणीही गेलं, तरी हातात गोळी पडण्याआधी त्याला चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. आधी कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठल्या होत्या का? कधी कावीळ झाली होती का? आणखी कोणती गोळी चालू आहे का? आणि बाई असली, तर पोटात लेकरू आहे का? डॉक्टरांची चिठ्ठी समोर असली तरी सिस्टर विचारायच्याच. काल विचारलेलं आज पुन्हा विचारायच्या. एकदा घाईत त्यांनी सत्तरीच्या एका म्हातारीलाही चौथा प्रश्न विचारला, आणि म्हातारीनं लाजून पदर तोंडावर ओढला. लोकांनी त्यांचं नावच ठेवलं, इचारबाई. खरं नाव हजेरीपटावर राहून गेलं.

दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, बसथांब्यासमोर, माझं मेडिकल आहे. गोंडपिपरीहून आत जंगलाकडे वळलं की आमचं हे बाजाराचं गाव लागतं. मंगळवारी आसपासच्या खेड्यांतली माणसं मोह, डिंक, चारोळी घेऊन येतात आणि जाताना मीठ-तेलासोबत तापाच्या गोळ्याही नेतात. पंचक्रोशीत औषधाचं दुसरं दुकान नाही. मी रीतसर शिकलेला माणूस. माझं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेलं आहे. इचारबाईबद्दल लिहिताना ते माझ्या पाठीमागे आहे, हेही मला आज नकोसं वाटतं.

त्यांचा माझा खरा संबंध आला तो माझ्या दाढेमुळे. हिरडीत पू झाला होता, गाल सुजला होता. डॉक्टरांनी पाच दिवसांची गोळी लिहून दिली. दोन औषधं एकत्र असलेली, जरा मोठी, पांढरी. रांगेत वीस माणसं उभी असताना सिस्टरांनी मला प्रश्न सुरू केले.

मी हळूच म्हणालो, "सिस्टर, मी स्वतः औषधं विकतो."

"मनूनच तुमाले जोरानं इचारून राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमाले वाटते, सारं माहीत हाये. सांगा, अंगावर कवा गांधी उठल्या होत्या का?"

रांग हसली. मी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "जेवाले बसले का पहिल्या घासासंगं घेजा, मंजे पोट खवळनार नाई. आन पाच दिवस मंजे पाच दिवस."

दोन दिवसांत सूज उतरली आणि मी गोळी सोडली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानात हजर. "गोळ्याईचा पत्ता दाखवा." पत्त्यात सहा गोळ्या शिल्लक होत्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, नुसत्या पाहिल्या.

"डॉक्टरसायेबानं पाच दिवस लिहिले. तुमी दोन दिवसांत डॉक्टर झाले का?"

"सूज गेली ना सिस्टर."

"जंतू मेले का लपून बसले, हे तुमाले कोनं सांगितलं? डबा खोला."

मला गिऱ्हाइकांसमोर डबा उघडावा लागला. पहिला घास आणि गोळी पोटात जाईपर्यंत त्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. मनातून मी फार चिडलो होतो.

त्या स्वभावानं गोड नव्हत्या, हेही सांगायला हवं. आवाज मोठा, राग नाकावर. त्यांच्या प्रश्नांपायी कितीजणांची परतीची बस चुकली असेल. मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून सुरू करायच्या. स्वतःच्या गुडघ्याला मात्र कुणी काहीही सांगितलेलं तेल चोळायच्या, आणि मी ते दाखवून दिलं की "तेल पोटात जात नाई ना?" म्हणून मलाच गप्प करायच्या.

पण औषधाची गोष्ट त्या अशी सांगत की निरक्षर बाईलाही कळावी. सर्दी झालेला एखादा माणूस अडून बसायचा, मला तीच मोठी गोळी पाहिजे. त्याला म्हणायच्या, "त्या गोळीत दोघं हायेत. एक जंतूले मारते. दुसरं जंतूच्या हातची ढाल हिसकते. दोघं हायेत मनून ताकद दुप्पट नाई. आन तुयी सर्दी त्या जातीचीच नाई, तिले हे दोघंबी काही करू शकत नाई." घरी उरलेली गोळी शेजारणीला देणाऱ्या बाईला विचारायच्या, "तिचा रोग तुया रोगाचा भाऊ हाये का?"

माझ्या दुकानावर त्यांचा विशेष डोळा होता. बाजाराच्या दिवशी मी पत्ता कात्रीनं कापून दोन-दोन, तीन-तीन गोळ्या देतो, चिठ्ठी न पाहता देतो, हे त्यांना ठाऊक होतं. "भाऊ, कागद पाहून देत जा," त्या म्हणायच्या. "आन तुकडे नका करू. तुकड्यावर नाव राहत नाई, तारीख राहत नाई. उद्या काही झालं, तर कोनती गोळी खाल्ली हे कोनाले इचारा?" मी हो म्हणायचो. त्या गेल्या की कात्री हातात घ्यायचो.

आमच्याच पंचायतीत येणाऱ्या, जंगलातल्या एका गावची सोमीबाई त्यांच्याकडे गळवासाठी आली होती. प्रश्न विचारता विचारता सिस्टरांना कळलं की पूर्वी कुठल्याशा शिबिरात मिळालेल्या गोळीनं तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, गळा आवळल्यासारखा झाला होता. सिस्टरांनी जुनी कागदपत्रं मागवून ती गोळी कोणती ते शोधलं. डॉक्टरांना दाखवलं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पेनिसिलिनच्या जातीचं कोणतंही औषध या बाईला देऊ नये.' कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिच्या बटव्यात ठेवला. "दवाखान्यात जा नाईतर मेडिकलात जा," त्या म्हणाल्या, "पयले हा कागद पुढं करजो. मंग तोंड खोलजो." हे मला सोमीबाईनं पुढं फार वर्षांनी सांगितलं. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची संधी मात्र माझ्यासमोर आली होती.

पावसाळा संपत आला होता. घरोघरी ताप. मंगळवारचा बाजार आणि दुकानापुढं गर्दी. सोमीबाईनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद माझ्यासमोर धरला.

मला वाटलं, कुठली तरी जुनी चिठ्ठी असेल. "कागद राहू दे बाई. काय होते ते सांग."

"घसा दुखते, ताप हाये. कागद पाहा ना भाऊ."

"पाहतो पाहतो." मी पाहिला नाही. तीच मोठी पांढरी गोळी, पेनिसिलिनच्याच जातीची, पत्त्याच्या टोकाकडून तीन कापून दिल्या. तिनं भज्याच्या गाडीपाशी एक घेतली.

अर्ध्या तासानं तिकडं आरडाओरड झाली. दुकानातून मला दिसलं. चार बाया तिला ऑटोत घालत होत्या. ओठ सुजलेले, डोळे मिटत आलेले, श्वास ओढून ओढून घेत होती. काय झालं ते मी क्षणात ओळखलं. मी शिकलेला माणूस होतो ना. दवाखान्यापर्यंत धावत जाऊन "मी अमुक गोळी दिली" एवढंच सांगायचं होतं. मी तो कापलेला पत्ता उचलला आणि खणात सगळ्यात मागं ढकलला. त्या दिवशी मी सगळ्यात आधी केलेलं काम ते हे.

डॉक्टर तालुक्याच्या बैठकीला गेले होते. सिस्टरांनी कुणी काही न सांगता लक्षणं ओळखली, डॉक्टरांशी फोनवर बोलत बोलतच मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रुग्णवाहिकेत स्वतः सोबत बसून तिला चंद्रपूरला नेलं. सोमीबाई वाचली ती त्या सुईनं. पण खिडकीतून पाहणाऱ्या गर्दीनं एवढंच पाहिलं की सिस्टरनं सुई टोचली आणि बाईला निपचित पडलेली गाडीत घालून नेली. बाजार उठायच्या आत गोष्ट पक्की झाली, की इचारबाईच्या सुईनं बाई मरता मरता राहिली. काही पुढाऱ्यांनी वर तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी तळहात उघडला. सोमीबाईच्या पदराच्या गाठीत सापडलेल्या दोन गोळ्या, पत्त्याच्या कापलेल्या चंदेरी तुकड्यात. तुकड्यावर नाव नव्हतं.

"भाऊ, त्या बाईनं तुमाले कागद दाखवला होता का?"

मी म्हणालो, "नाही. ती माझ्याकडं आलीच नव्हती."

त्यांनी मला पुन्हा तेच विचारलं, हळू आवाजात. एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी पुन्हा नाही म्हणालो. त्यांनी मूठ मिटली.

"ठीक हाये. उत्तर बदलावं वाटलं, तर मी दवाखान्यातच हावो."

मी गेलो नाही. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. रोज सकाळी दुकान उघडताना वाटायचं, आज जाऊ. मग वाटायचं, लायसन्स जाईल, दुकानाला टाळं लागेल, लोक तोंडात शेण घालतील. महिन्याभरात त्या तक्रारीपायी त्यांची बदली दूर सिरोंच्याकडे झाली. जायच्या दिवशी बस उशिरा आली. पेटीवर बसून त्या तासभर माझ्या दुकानाकडे तोंड करून होत्या. मी खाली मान घालून औषधं देत राहिलो. बसनं वळण घेतलं तेव्हाच मान वर केली.

त्यानंतर मी कात्री सोडली, कागद पाहू लागलो, विचारू लागलो. लोक म्हणत, मेडिकलवाला आता फार काळजी घेतो. ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

सहा वर्षांनी एका लग्नासाठी वडशाला गेलो होतो. सिस्टर निवृत्त होऊन तिथंच राहतात असं कळलं. घर शोधत गेलो. केस पिकले होते, गुडघे कामातून गेले होते. मी दारातच सगळं बोलून टाकलं. कागद, कात्री, खण, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग भडकल्या.

"आता मले काऊन सांगून राह्यले? मले तवाच माहीत होतं. ज्याईनं खोटं ऐकलं त्याईले जाऊन सांगा."

मी त्यांना शब्द दिला. त्यांनी चहा दिला.

घरी आल्यावर पहिली ग्रामसभा बाजाराच्या दिवशी आली, म्हणून गेलो नाही. दुसऱ्या सभेच्या वेळी अंगात कणकण होती. तिसरीला पंचायतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो. पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या नव्या नर्सनं औषध घेता घेता सांगितलं, "त्या जुन्या सिस्टर होत्या ना, वडशाच्या, त्या गेल्या." मी चिठ्ठीवरचं औषध काढून दिलं.

त्यानंतरच्या सभेत मी उभा राहिलो. सगळ्यांसमोर सांगितलं की सोमीबाईला गोळी मी दिली होती, कागद न वाचता. सिस्टरांनी तिला वाचवलं, आणि मी खोटं बोललो. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. मग बायांमधून सोमीबाई उठली.

"आमाले माहीत हाये भाऊ," ती म्हणाली. "चंद्रपूरवरून आली तवाच मी सरपंचाकडे सांगाले निघाली होती. इचारबाईनं मले आडवलं. बदली झाली तवा आमी साऱ्या जनी तिच्याकडे गेलो. तवाबी तिनं आमच्याकडून कबूल करून घेतलं, कोनी बोलाचं नाई. मने, थो शिकलेला मानूस हाये. थो सोता येऊन सांगन. त्याले सांगू द्या."

म्हणजे इतकी वर्षं ही माणसं दर मंगळवारी माझ्या काउंटरपुढं उभी राहत होती, माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि औषध घेऊन परत जात होती.

"कवा सांगता, तेच पाहत होतो," सोमीबाई म्हणाली. "बाईबी पाहत होती." आणि ती खाली बसली.

मीही बसलो. सरपंचांनी हातपंपाचा विषय घेतला.