आयुष्यभराची झडप

नळ, पाइप आणि बिजागऱ्या विकता विकता गॅरंटीकाकांना जगातली प्रत्येक वस्तू टिकेल की नाही, एवढंच कळू लागलं होतं. प्लॅस्टिकचा नळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असं बघत, की त्या बिचाऱ्याने निमूट पितळी घ्यावा. "एकदाच घ्या, नातवंडं वापरतील," हे त्यांचं पालुपद. घरात मात्र सगळा आनंदीआनंद. ब्लडप्रेशरची गोळी काकूंनी तळहातावर ठेवावी, पेला पुढे करावा, तेव्हा कुठे ती घशाखाली उतरे. मागे काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या, तर पाकीट जसंच्या तसं. फोनवर मात्र घेतली, घेतली.

आता काकांच्या हृदयाची झडप अरुंद झाली, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा ती बदलायची ठरली. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप दहा-पंधरा वर्षं चालते, पुढे कदाचित पुन्हा बदलावी लागते. यांत्रिक झडप सहसा जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज न चुकता घ्यायची आणि वरचेवर रक्त तपासायचं. गोळी चुकली तर गुठळीची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. काकांची सत्तरी आलेली, म्हणून डॉक्टरांचा कल पहिलीकडे होता.

काकांना हा अपमान वाटला. पंधरा वर्षांचा माल माझ्या गळ्यात मारता? त्यांनी डॉक्टरांनाच टिकाऊपणावर व्याख्यान झोडलं. शहाण्याला शब्दाचा मार, पण काका त्यातले नव्हते. रोजच्या गोळीचं काय, असं डॉक्टरांनी विचारलं, तर अंगठा बायकोकडे करून म्हणाले, "ते ही बघेल."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झडप यांची, जन्मठेप आपल्याला. वर काही बरंवाईट झालं, तर खापरही आपल्याच माथी.

"झडपेची गॅरंटी विचारलीत," त्या म्हणाल्या. "गोळी देणारीची विचारलीत का? मी आधी गेले तर?"

हा हिशेब काकांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मग घसा खाकरून, काकूंकडे न बघता, त्यांनी डॉक्टरांना ती पंधरा वर्षांचीच बसवायला सांगितली.

घरी परतताना ते हळूच म्हणाले, "तुला काही होत नाही ना?"

अख्ख्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा आला, तोही स्वतःच्या जिवाच्या धास्तीने. काकूंची कंबर दोन वर्षं दुखत होती.

"होतं ना," त्या म्हणाल्या, आणि काकांचा घाबरलेला चेहरा बघून त्यांना फार बरं वाटलं.