घेण्यास नकार

लालासाहेबांचं सातवं पत्र परत आलं, तेव्हा ते द्यायला मी स्वतः गेलो. पोस्टमनच्या हाती पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता. पाकिटावर लाल शाईत तेच लिहिलेलं होतं, घेण्यास नकार.

"ह्या खेपेला तरी फोडलं असंल म्हटलं," ते म्हणाले.

"फोडलं असतं तर परत कसं आलं असतं?" मी म्हणालो. गावच्या पोस्टात चोवीस वर्षं काढल्यावर माणसाची जीभ तिखट होतेच.

लालासाहेब म्हणजे विट्याजवळच्या आमच्या गावातलं बडं प्रस्थ. कोईमतूरला गलाईचं दुकान, जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. या धंद्यात धूळसुद्धा फेकत नाहीत. झाडलेली माती, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवतात आणि त्यातून सोन्याचा कण न् कण काढतात. लालासाहेब फक्त एक गोष्ट करत नसत. चालती भट्टी मोडायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. भट्टी म्हणजे लक्ष्मी, तिला हात लावला की दुकान बसलंच.

अठरा वर्षांपूर्वी एके दिवशी गाळलेलं सोनं कमी भरलं. माती धुतली, पाणी आटवलं, पत्ता लागेना. भट्टीवर होता बाळासो, आटपाडीकडच्या वाडीवरचा, धनगराच्या घरातला, बावीस वर्षांचा. लालासाहेबांनी त्याचे कपडे उतरवून झडती घेतली. तो म्हणाला, "बिरोबाचा भंडारा उचलतो." देवाची हळद हातात घेऊन खोटं बोलायची त्या घरात कुणाची छाती नाही. लालासाहेब म्हणाले, "चोराच्या हातात भंडारा शोभत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या सव्वीस दुकानांना फोन केले. बाळासोला कुणीही कामावर ठेवलं नाही. एवढ्यावर भागलं नाही म्हणून गावी आल्यावर हे वाडीवर गेले आणि त्याच्या आईला, तानुबाईला, दारात उभं राहून सांगून आले की तुमच्या पोरानं हात मारला.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं, पृथ्वीराजनं, दुकानात विजेची भट्टी बसवली आणि जुनी फोडली. तळाच्या विटांमध्ये, काळ्या राखेत, सोन्याचा गोळा मिळाला. त्या दिवशी सोनं वितळवायची मूस तडकली होती आणि सोनं खाली झिरपलं होतं. लालासाहेब तिथंच मटकन बसले. दुकान मुलाकडे देऊन गावी आले आणि बाळासोला पत्रं लिहायला लागले.

"समक्ष जा की," सातवं पत्र परत दिलं त्या दिवशी मी म्हणालो.

"तोंड न्हाई मास्तर."

माझं डोकं फिरलं. "चोर म्हणताना सव्वीस ठिकाणी ओरडून सांगितलंत, आणि चुकलो म्हणताना बंद पाकीट? तेही त्यालाच? त्यानं चोरी केली नाही, हे त्याला ठाऊकच आहे!"

आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही, अशी मनाची तयारी करून मी घरी आलो. सकाळी पोस्ट उघडायच्या आत ते दारात हजर. म्हणाले, "सव्वीस कार्डं द्या. उघडी."

प्रत्येक कार्डावर एकच मजकूर होता. बाळासो चोर नव्हता. सोनं माझ्याच भट्टीत होतं. खोटा मी ठरलो. पोस्टमननं वाचलं, मग अर्थातच गावानं वाचलं. आठवड्यानं पृथ्वीराजचा फोन आला तेव्हा मी लालासाहेबांकडेच बसलो होतो. फोन कानाला लावायची गरजच नव्हती, एवढा तो ओरडत होता.

"आबा, उद्या कोण सोनं दील आपल्या हातात? पुन्यांदा असलं काय लिवलं तर मी गावाकडं फिरकायचा न्हाई!"

"नको येऊस," लालासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ त्यांना चष्म्याची काडी कानावर बसवता येईना. मला फार वाईट वाटलं, पण कार्डं लिहायला मीच लावली होती.

रविवारी आम्ही वाडीवर गेलो. आठवं पत्र त्यांच्या खिशात होतं. बाळासो मेंढरांच्या वाडग्याला काटेरी फांद्या लावत होता. आम्हाला बघून तो उठला नाही. त्याची बायको माया पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सेलमच्या दुकानातनं फोन आला हुता," बाळासो म्हणाला. "लोकास्नी कळलं, बास झालं. मला नगं तुमचं पत्र. तिला वाचून दावा."

त्यानं बोट दाखवलं तिथं, उंबऱ्याशी, तानुबाई बसली होती. माया सासूकडं बघत हळूच म्हणाली, "मी लगीन हून आल्यापासनं आत्याबाई ह्यांच्याशी बोलल्या न्हाईत. काय सांगायचं त्ये माज्या तोंडनं."

लालासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाळासोनं आतून भंडाऱ्याची वाटी आणून पुढ्यात ठेवली.

"आदी ह्यो हातात घ्या. मग वाचा."

त्यांनी मूठ भरली आणि दुसऱ्या हातात कागद धरून वाचायला सुरुवात केली. 'तुमच्या दारात येऊन मी खोटं बोललो' या ओळीवर ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तानुबाई हलली नाही. आता ही म्हातारी आम्हाला हाकलणार, असंच मला वाटलं, आणि तिनं हाकलावं असंही वाटलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कोरा कागद हाय का? मग लिवा. माज्या नावानं. बाळासोला."

बाळासो पाच पावलांवर पाठ करून उभा होता.

"लिवा, बाळा, ह्ये पावनं दारात आलं, ह्येंनी सांगितलं, आन् मी खरं मानलं. तुला इच्यारलं न्हाई." ती थांबली. "म्होरं काय लिवायचं मला कळंना."

लालासाहेबांनी त्याच पिवळ्या हातानं लिहिलं. तिनं अंगठा उठवला. "द्या त्येला, मास्तर."

आजवर हजारो पत्रं वाटली असतील, पण ती पाच पावलं माझ्यानं उचलवेनात. हे पत्रही तो नकोच म्हणणार, याची मला खात्री होती. बाळासोनं हात पँटला पुसले, कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात घातला. मग लालासाहेबांपुढं हात केला.

"तुमचंबी द्या. माफ केलं म्हनत न्हाई. पर ठिवून घेतो."

त्यांनी पत्र दिलं. हुंदका आवरत नव्हता, आणि त्यांनी आवरलाही नाही.

"बाळा," मागून तानुबाईची हाक आली, "पावन्यास्नी च्या ठिवाय सांग मायाला."

माया तिच्या शेजारीच उभी होती.