पुलावरून पायी माहेरी

समजा, अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी तार तुमच्या खांद्यावर आहे. ती तिरक्या नळीतून पार पुलाच्या मनोऱ्यापर्यंत सरकवायची आणि खालचं टोक पाचर ठोकून जखडायचं. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांवर ताण सारखा हवा. पायाखाली दरी, दरीत धुकं. वर बघून बघून मान अशी आखडते की झोपेतही सरळ होत नाही.

चीनमधल्या ग्वेइचौ प्रांताच्या डोंगरातल्या बान मेइशियांगने हे काम तीन वर्षं केलं. तिचं सासर पूर्वेच्या कड्यावर, माहेर अगदी समोर, पश्चिमेच्या. तिथल्या चुलीचा धूर इकडून दिसायचा; पण दरी उतरून, नदी ओलांडून, पुन्हा चढून पोचेतो दिवेलागण व्हायची. आईचे गुडघे गेलेले, हिला सुट्टी नाही. दोन्ही कड्यांवरून पूल पुढे सरकत होता. मधली फट मिटली की चालत आईकडे जायचं, एवढ्यासाठी ती तारा ओढत राहिली.

शेवटचा तुकडा नेमका सणाच्या सकाळी बसवायचा ठरला. आपल्या बुयी जमातीच्या रीतीप्रमाणे तिने पानाफुलांच्या रंगात चिकट भात शिजवला, आईसाठी पुडी कमरेला बांधली. पण ढग फाटले, ऊन पडलं. पोलाद तापून वाढलं, फट आखडली आणि तुकडा बसेना.

मुकादम यांगने काम दुसऱ्या पहाटेवर टाकलं.

"आणि माझा भात?" ती म्हणाली.

"लोखंडाला सांगून बघ, ताई. तुझं ऐकलं तर ऐकलं."

सगळे हसले. तीही हसली, पण कमरेची पुडी तिने सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी गारव्यात तुकडा बसला. लाल कापड बांधलं, फटाके वाजले, दोन्हीकडचे कामगार मधोमध भेटले. मेइशियांग थांबली नाही. पलीकडच्या टोकाला आई स्टुलावर बसली होती, डोक्याला सणाचं फडकं. कालही दिवसभर ती तिथेच बसून होती म्हणे.

आईने पुडी हुंगली. "आंबलाय," म्हणाली, आणि खाऊ लागली. "आता दर महिन्याला येत जा."

मागून आलेला यांग जरा घुटमळला. "मावशी, आजच डोळे भरून बघून घ्या. गाड्या सुरू झाल्या की पायी माणसाला इथे बंदी. हा महामार्ग आहे. आणि गाडीने गावाकडे उतरायची वाट थेट दोन दऱ्या पलीकडे."

आईचा घास हातातच राहिला.

मेइशियांगने मान चोळत वर पाहिलं. तिने ओढलेल्या तारा तिथे ताठ उभ्या होत्या. पुढे तिने इंजिनियरला विचारलं, गावच्या समितीला विचारलं. अजूनही कुणी साहेब भेटला की विचारते: "गाडी नाही त्यांनी कुठून जायचं?"