अर्धं ब्लेड

खुर्चीत टेकायच्या आधीच सर म्हणायचे, "भाऊ, ब्लेड माझ्यासमोर मोडा." मी नव्या ब्लेडचा कागद काढून दोन तुकडे करायचो, अर्धं वस्तऱ्यात बसवायचो, मगच ते मान मागे टाकायचे. दाढी झाल्यावर ते अर्धं त्यांनीच दिलेल्या पत्र्याच्या डब्यात पडलं, की उठायचे.

द्वारका चौकात, हायवेलगत माझं सलून. नव्वदच्या दशकाची अखेर होती, एड्सचं नाव काढलं तरी लोक लांब सरकायचे. सर एका संस्थेचे. ट्रक ड्रायव्हरांना आणि आम्हा कारागिरांना शिकवायला दर मंगळवारी सिन्नरहून जीपने यायचे. चहाच्या टपरीवरच लाकडी नमुना काढून निरोध कसा वापरायचा ते दाखवायचे. टपरीवाला कावायचा, "सर, गिऱ्हाईक पळतंय माझं!"

"पळू द्या. जित्तं हाय म्हणून पळतंय."

आम्हाला मात्र कधी ओरडले नाहीत. "सगळं एका दिवसात जमायचं नाय. पण माणसागणिक नवं अर्धं, एवढं तरी करा."

खरं सांगतो, ते समोर नसले की मी एकाच अर्ध्यावर दोन-दोन दाढ्या उरकायचो. धार असताना टाकवत नसे.

एका मंगळवारी मोठी लग्नतिथी होती, दुकानात गर्दी. सर दमून आले आणि थेट खुर्चीत डोळे मिटून बसले. वस्तऱ्यात आधीच्या ड्रायव्हरचं अर्धं तसंच होतं. मी तेच चालवलं. हनुवटीखाली कापलं. तुरटी लावली तसे त्यांनी डोळे उघडले.

"नवं होतं ना?"

"हो, सर."

तो ड्रायव्हर कोण, कुठला, धडधाकट की आजारी, मला काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या मंगळवारी सर दारात दिसले आणि मी त्यांचे पायच धरले. सगळं सांगून टाकलं.

त्यांचा हात हनुवटीकडे गेला. इतकं शिकलेला माणूस घाबरत नसेल, असं मला वाटायचं. ते बाकावर बसले. "यातनं व्हायची शक्यता लय कमी, हे मीच लोकांना सांगतो. पण भाऊ, आज मलाच भ्या वाटतंय. बायकोला सातवा चाललाय."

तीन महिने गेल्यावरच रक्ततपासणीचा भरवसा, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुणी माझं दुकान बंद पाडलं असतं. हे मात्र दर मंगळवारी माझ्याकडेच येत राहिले. ब्लेड मोडा म्हणायचे, तुकडे झालेले बघायचे, मगच मान मागे टाकायचे. दोघंही भ्यालेले. मधल्या काळात त्यांना मुलगी झाली. पेढा देतानाही ते हसले नाहीत.

मग एका मंगळवारी आले ते दारातूनच म्हणाले, "रक्तात काय निघालं नाय, भाऊ." आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. ब्लेड मोडा म्हणालेच नाहीत.

मी मोडलेलं ब्लेड हातात धरून उभा राहिलो. "सर, बघा ना."

"चालू द्या," ते डोळे न उघडताच म्हणाले. मला धड दिसेना. डोळे पुसून दाढी केली.

पुढे संस्थेचं काम थांबलं आणि सर यायचे बंद झाले. कुठे असतात, माहीत नाही. पण आजही कुणी डोळे मिटून बसलं की मी वस्तरा खाली ठेवतो. मी खांद्याला हात लावून जागं करतो, "बघा, तुमच्यासमोर मोडतोय." लोक वैतागतात. त्यांनी बघेपर्यंत मी थांबतो.