आंबिवलीची नदी आणि न विचारता लागलेलं गेट

कॉलेजातली माझी मैत्रीण उज्ज्वला आंबिवलीपलीकडे नदीकाठच्या गावात राहते. कित्येक वर्षं बोलावतेय. या वेळी तिने फोनवर सांगितलं, काठाला सरकारनं कुंपण घातलंय, रविवारी गेटला कुलूप लागेल, नदी बघायची तर आत्ताच ये. मग मी रविवारीच निघाले.

कोपरीहून सकाळीच बाहेर पडलेले. आंबिवलीला लोकलमधून उतरल्यावर शेअर रिक्षा मिळते. स्पेशल करणार असाल तर भाव आधी ठरवा, आणि काठावर घसरतं, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. रस्ता कारखान्यांच्या भिंतींजवळून जातो आणि मग एकदम वांग्याचे मळे लागतात.

नदी जानेवारीतही भरलेली होती. काठावर अख्खं गाव जमलेलं. कुंपणापाशी एक तरुण सरकारी इंजिनिअर कुलूप घेऊन उभा होता. वाळू उपसतात, टँकरवाले चोरून पाणी भरतात, ते थांबवायचा आदेश आहे, असं तो समजावत होता. कपडे धुणाऱ्या बायका, जाळी टाकणारे, सगळ्यांची वाट त्याच गेटमधून.

उज्ज्वलाचे सासरे अण्णा पुढे झाले. त्यांचा मळा काठालाच, पंपही तिथेच. "नदी आमची हाय. वाडवडलांपासून पाणी घेतो. सरकार कधीपासून मालक झालं?"

लोकांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. तेवढ्यात उज्ज्वला बोलली, आवाज न चढवता.

"अण्णा, आपली म्हणता ना? मग उन्हाळ्यात आपला पंप चालतो तेव्हा खालच्या वाडीला डबकं उरतं. त्यांना आपण कधी विचारलं?"

भर गावात सून सासऱ्याला बोलली होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग ती इंजिनिअरकडे वळली. "आणि साहेब, तुम्हीही कोणाला विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर टँकर अडवायला आम्हीच उभे राहिलो असतो."

तो बराच वेळ फोनवर बोलत राहिला. शेवटी म्हणाला, गेट राहील, पण गावाची आणि वाडीची बैठक होईपर्यंत कुलूप लावत नाही.

दुपारी तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा होता, रस्सा इतका तिखट की नाक वाहू लागलं. अण्णा भराभर जेवले आणि उठून गेले. उज्ज्वला भाकरी नुसती कुस्करत होती. "बोलायला नको होतं का गं?" तिने विचारलं. मी तिच्या ताटात रस्सा वाढला.

परतताना खिडकीशी बसून मी तोच विचार करत होते. अण्णांचा पंप आणि सरकारचं गेट मला सकाळी एकमेकांच्या विरुद्ध वाटलेले. पण दोन्ही न विचारताच बसवलेले होते. नदी कोणाची हे मला अजूनही सांगता येणार नाही. तिच्यावर जगणाऱ्यांना विचारल्याशिवाय कोणाचाच हुकूम खरा वाटत नाही, एवढं मात्र कळलं.

परवा उज्ज्वलाचा फोन आला. बैठक देवळात झाली, वाडीचे लोक पहिल्यांदाच आलेले. गेट दिवसा उघडं राहतं, रात्री गावातलीच माणसं बंद करतात. पंप एक दिवसाआड चालतो. अण्णा अजून तिच्याशी धड बोलत नाहीत, तिने दिलेला चहा पेपरात तोंड घालून पितात.

"पण पंप बंद असला की," ती म्हणाली, "गुपचूप वाडीपर्यंत चालत जातात. पाणी पोचलं का बघायला."