बिनहवेचं जनावर

"मरन ते! फट्कन मरन! कावून नाही मरन, सांग मले!"

थोरला भाऊ व्हरांड्यातल्या खाटेवरून असा गरजला, की दुर्ग स्टेशनात सुटायच्या बेतात असलेली गाडी बिचकून थांबली असणार. समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंनी खिडकी उघडली. कोण मेलं, म्हणून विचारू लागल्या. मी म्हटलं, "कोणी नाही काकू. अंतराळातलं जनावर आहे एक. अजून तग धरून आहे."

जनावर माझं होतं. आमच्या सेक्टरच्या मराठी मंडळात गणपतीतली एक संध्याकाळ थापांची असे. थाप कितीही मोठी मारा, पण खालून कोणी अडवलं तर पटेलसं उत्तर द्यायचं. निरुत्तर झालात की स्टेजवरून खाली. आदल्या वर्षी मी आमचा गावाकडचा बैल भंडाऱ्याहून रुळारुळानं भिलाईला चालत आणला होता. एकानं विचारलं, पुरावा काय? मी पिशवीतून शिंगं काढून दाखवली. बक्षीस मला आणि शिंगं मंडळाला.

त्या वर्षी मात्र मी पृथ्वीच सोडली. चांदण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहणारं, उघडंनागडं, ना हवा ना पाणी, असं एक जनावर मी जन्माला घातलं आणि रोज संध्याकाळी दादासमोर त्याची तालीम सुरू केली. दादापुढं टिकलं तर मंडळापुढं टिकणारच.

दादा तेव्हा घरीच होता. क्वार्टर माझ्या नावावर, पण घरातला मोठा तोच. औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा खाजगी कारखान्यात तो भट्टीच्या गॅसच्या, माणूस शिरेल एवढ्या नळीवर काम करायचा. नळी साफ करायची तर त्यांचा कायदा असा: एक माणूस कमरेला दोर बांधून आत, दुसरा बाहेर दोर धरून. बाहेरच्यानं काय वाट्टेल ते झालं तरी दोर सोडायचा नाही, आत जायचं नाही. उन्हाळ्यात आतला माणूस गॅस लागून आडवा झाला आणि दोर कशात तरी अडकला. दादानं दोर टाकला, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरला. जोडीदाराला नळीच्या तोंडापर्यंत ओढत आणलं. पुढं दोघांनाही लोकांनी बाहेर काढलं. जोडीदार लवकरच कामावर रुजू झाला. दादाचं डोकं मात्र तेव्हापासून ठणकायचं, कप धरला की बशी वाजायची, आणि अंगणातल्या नळापर्यंत जाऊन आला तरी धाप लागायची.

सोमवारी कारखान्याचा डॉक्टर त्याला तपासणार होता. दादा त्याला 'मी फिट आहे' असं सांगून परत त्याच नळीवर जाणार होता. वहिनीनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी मला म्हणाली, "भाऊजी, तुमी बोला. तुमचं आयकते ते." मला सरळ बोलता येत असतं तर मी थापा कशाला मारल्या असत्या? माझ्याजवळ ते जनावर होतं, तेच पुढं केलं.

"थंडीचं काय?" दादा.

"अंगात रक्त नाही, मिट्टीचं तेल आहे."

"तेलही गोठन तिथं. खाते काय?"

"ऊन. आपल्या वाळवणातल्या पापडासारखं पसरते आन् ऊन खाते."

"बरं. दोर कोनाच्या हाती?"

"कसला दोर?"

"अबे, बिनहवेच्या जागी एकटं कसं पाठवलं तू त्याले? बाहेर कोन उभं हाय?"

मी म्हटलं, अंतराळाला बाहेर नसतेच, सगळं आतच. त्यावर त्यानं मान हलवली. हे त्याला बिलकूल पसंत पडलं नाही. मग मी माझ्या मते हुकमाचा पत्ता टाकला. "दोर लागतच नाही. ते श्वास धरते. तुझ्यासारखा."

तेव्हाच तो ओरडला. मरन ते म्हणून.

"श्वास धरला तर पयले मरन," काकूंची खिडकी बंद झाल्यावर तो म्हणाला. "टाकीतला दाब नाही सोडला तर झाकण उडते. तिथं तर बाहेर दाबच नाही. छाती फाटन त्याची."

"तू तर धरला होता."

बोलून गेलो. दादा खाटेवर ताठ उठून बसला. "मी आताही धरतो," म्हणाला. "लाव शर्यत."

गावच्या तळ्यात तो बुडी मारायचा तेव्हा काठावरच्या बायका धुणं आटोपून घरी जायच्या, स्वयंपाक करायच्या आणि मग हा वर यायचा. ही थाप आहे, पण फार मोठी नाही. भिलाईत आल्यावर त्याचं माप कुकर होतं: एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत तो सहज श्वास धरायचा. आत कुकर चढलेलाच होता. शिट्टी झाली. दादानं छाती भरली, गाल फुगवले, डोळे मिटले. स्टील प्लांटकडं कोणी लोखंडाची तप्त मळी ओतली असावी. आभाळ लाल झालं, त्याचा चेहराही. दुसरी शिट्टी गुरगुरायलाही लागली नव्हती आणि तो खोकत खाटेवर वाकला. बराच वेळ खोकत होता. मी पाठ चोळत राहिलो. हाताखाली हाडं लागली.

वहिनी दारात पोळपाट घेऊन उभी होती. "भाऊजी," ती म्हणाली, "त्या जनावराले घरी आना आता."

आणायचं कसं? मला तळ्यातले बेडूक आठवले. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतात, जवळजवळ मेल्यासारखे. पहिल्या पावसात मातीतून निघतात आणि गावाला झोपू देत नाहीत. मी म्हटलं, "दादा, ते श्वास धरत नाही. सोडून देते. सुकते, आवळून बसते. हवा लागत नाही, खायला लागत नाही. असं जगू शकते का नाही?"

त्यानं खरोखर विचार केला. "हा," म्हणाला. "असं जगन. आन् करते काय मंग?"

"काही नाही. बसून राहते."

"बसून कोनाची वाट पायते?"

मंडळाच्या नियमानं मी इथंच स्टेजवरून खाली उतरायला हवं होतं. मी आधीच पायरीवर बसलो होतो.

शनिवारी थापांच्या संध्याकाळी मी नाव मागं घेतलं. लोकांना सांगितलं, जनावराची तब्येत बरी नाही. ही एवढी एकच खरी गोष्ट मी मंडळात कधी बोललो असेन, आणि तिलाच सगळ्यात जास्त हसले.

सोमवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मी रजा टाकली होती. वहिनीनं तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती. दुपारी फाटक वाजलं. सायकल हातात धरून तो चालत आला, भिंतीला लावली, पाणी मागितलं.

"काय सांगतलं तुमी डॉक्टरले?" वहिनीनं विचारलं.

"नळीवर नाही आता. उद्यापासून गेटच्या ड्युटीवर बसवून राहिले मले," दादा म्हणाला. "पंखा हाय तिथं."