रतनबाईंचा आवळलेला जबडा

औंढ्याच्या रतनबाई जांभूळकर कुसगावच्या एका हॉटेलात अकरा वर्षं चादरी वाळत घालतात. ओल्या चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन गच्चीवर चढायचं आणि मोकळं उतरायचं. दिवसाला चौदा फेऱ्या.

दीड वर्षापूर्वी एका तापानंतर त्यांचा तोल बिघडला. मान वळवली की भिंत सरकल्यासारखी वाटे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कळलं तर गच्चीचं काम जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. चढताना भागत असे. डोक्यावर वजन असलं की मान ताठ राही, पदराचं टोक दातांत घट्ट धरलेलं. उतरताना मात्र पाय कुठं पडतोय ते कळेना. म्हणून त्या उतरतानाही डोक्यावर गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची अर्धी बादली घेऊ लागल्या.

"मावशी, खाली नळ न्हाई व्हय?" कामावरच्या बायका विचारत.

"हाये की. पण रिकाम्या डोक्यानं उतराया मी काय तुज्यावानी हाय व्हय?"

मग जबडा दुखू लागला. लोणावळ्यात दोन दाढा काढून झाल्या. दुखणं तसंच राहिल्यावर दाताच्या डॉक्टरनेच त्यांना पुण्याला पाठवलं. तिथं डॉक्टर अनघांनी मानेवर आणि गालांवर स्नायूंचा ताण मोजणाऱ्या तारा चिकटवल्या आणि त्यांना डोळे मिटून उभं केलं.

"तोल जायच्या आधीच जबडा आवळताय तुम्ही. मानही तशीच. दिवसभर हे स्नायू सैल पडतच नाहीत. आता सोडा बघू."

रतनबाईंनी जबडा सोडला आणि त्या डावीकडे कलल्या. अनघांनी दंड धरला.

"सोडा म्हनताय, मग हुबी कशी ऱ्हाऊ?"

व्यायाम ठरले. चिठ्ठीवर एक ओळ होती: डोक्यावर ओझं नको.

"तेवडं लिहू नका बाई. वझं आसलं की मी नीट आस्ते."

अनघांनी ते लिहिलंच.

रजेसाठी चिठ्ठी दाखवावी लागली. सुपरवायझर कोमलने ती वाचली आणि भलं करावं म्हणून गाठोडी न्यायला दुसरा माणूस दिला. मावशींनी फक्त वाळत घालायचं. पहिल्याच दिवशी रतनबाई रिकाम्या डोक्याने जिना चढल्या आणि वरून तिसऱ्या पायरीवर गुडघ्यांवर आल्या. कठडा सोडवेना. कोमलला धावत यावं लागलं.

"चक्कर कधीपासून येतेय? आधी सांगायचं ना."

"सांगितलं आस्तं तर खाली बसवलं आस्तंस."

दुसऱ्या दिवसापासून कोमलने तेच केलं. रतनबाई आता तळमजल्यावर बसून घड्या घालतात, अर्धा दिवस. गच्चीवर दुसरी बाई आली.

"तिला किती दिवसांसाटी घेतलंय?" त्यांनी विचारलं.

"कायमचं घेतलंय, मावशी."

"बरं. मग खालचं तरी पुऱ्या दिवसाचं दे."

"बघते," कोमल म्हणाली.